रोज सोबत न्यायला हलका लॅपटॉप घ्यायचाय, आधी काय बघायचं?

रानवाट

नमस्कार मंडळी,

नवीन लॅपटॉप घ्यायचा आहे. माहितीपत्रकं वाचून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतोय, म्हणून हा धागा.

माझा सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची आहे. चार्जरसकट पाठीवर टाकला की संध्याकाळी खांदे भरून येतात. बॅटरी दीड-दोन तासांत मान टाकते. त्यात विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ त्यावर चढत नाही. त्यामुळे आता बदलायचाच, हे नक्की.

काम भाषांतराचं आणि संपादनाचं. वर्डच्या दोन फाइल्स शेजारी-शेजारी, ब्राउझरमध्ये वीस-तीस टॅब, मोठ्या पीडीएफ, अधूनमधून व्हिडिओ कॉल, क्वचित फोटोंची साफसफाई. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. पण रोज घराबाहेर असते. कधी ग्रंथालय, कधी गाडीत, कधी कुणाच्या ऑफिसातला कोपरा. प्लग मिळेलच याची खात्री नसते.

१३ इंची घ्यावा की १४? ८ जीबी रॅम पुरेल का? ओलेड स्क्रीन लिहिण्या-वाचण्याच्या कामाला बरी का? मॅकबुक एअर की विंडोज? निदान पाच वर्षं चालायला हवा. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहिलं तर फार उपकार होतील.

किल्लीकुलूप

लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं आहे, त्या अनुभवावरून सांगतो. बहुतेक लोक प्रोसेसरच्या नावापासून सुरुवात करतात आणि वजन, स्क्रीन, कीबोर्ड शेवटी बघतात. तुम्ही उलटं करा. घेतल्यानंतर जे बदलता येणार नाही, ते आधी बघा.

स्क्रीन बदलता येत नाही. म्हणजे फुटली तर तशीच दुसरी बसते, पण मंद स्क्रीनच्या जागी उजळ स्क्रीन बसवणं बहुतेक मॉडेलांत जमत नाही, आणि जमलं तरी त्रास फार. कीबोर्डचंही तसंच. वजन तर कमी होणारच नाही. आणि आता रॅमसुद्धा या यादीत आली आहे. पूर्वी मागचं झाकण उघडून रॅमची पट्टी घालता यायची. आता पातळ लॅपटॉपांत बहुतेक ठिकाणी एलपीडीडीआर५एक्स प्रकारची रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर आहे, १६ किंवा ३२ जीबी, तिसरा पर्याय नाही. त्यामुळे ‘सध्या ८ घेऊ, नंतर वाढवू’ हा हिशोब हलक्या लॅपटॉपला लागू पडत नाही.

८ जीबी घेऊ नका. विंडोज ११ ची किमान अट कागदावर ४ जीबी आहे, पण त्यात तुमचे वीस टॅब आणि व्हिडिओ कॉल एकत्र सुखाने नांदणार नाहीत. ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरचं सुरुवातीचं मॉडेल १६ जीबीवर नेलं. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीची (एआयच्या सोयींसाठीच्या विंडोज लॅपटॉपांचा वर्ग) किमान अटही १६ जीबी आहे. पाच वर्षं चालवायचा तर १६ हा तळ समजा.

आता काय बदलता येतं? बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवायची जागा, बदलता येते. बॅटरीही, आतली असली तरी, बहुतेकदा चार-पाच स्क्रू आणि एका कनेक्टरचं काम असतं. त्यामुळे हातात पैसे मर्यादित असतील तर ते रॅम आणि स्क्रीनवर घाला. ५१२ जीबीची एसएसडी पुढे १ टीबी करता येईल. मॅकबुक एअरमध्ये मात्र ही सोय धरू नका.

एक गोष्ट टाळाच: साठवणुकीच्या जागी ‘ईएमएमसी’ लिहिलेलं असेल तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा. ती साठवण संथ असते आणि मदरबोर्डवरच चिकटवलेली असते. खराब झाली की सगळा बोर्डच आला.

मात्रा_वेलांटी

मुद्रितशोधन करते, त्यामुळे स्क्रीनबद्दल थोडं जास्त लिहिते. रागावू नका.

पहिल्यांदा आकार. इंच कर्णात मोजतात, त्यामुळे नुसत्या इंचांवरून फसायला होतं. तुमचा १५.६ इंची जुन्या १६:९ प्रमाणातला असणार. त्याच्या स्क्रीनची उंची साधारण १९.४ सेंमी भरते. आजचा १४ इंची, १६:१० प्रमाणातला घेतलात तर उंची १८.८ सेंमी. म्हणजे उभ्या मजकुरात फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा! कमी होते ती रुंदी. आपलं काम वरून खाली वाचायचं, त्यामुळे १४ इंचीवर आल्यावर काही गमावल्यासारखं वाटत नाही. पण १४ इंची जुन्या १६:९ चा घेतलात तर उंची १७.४ वर येते आणि वर्डची पट्टी उघडली की मजकुराला जागाच उरत नाही. इंचांइतकंच प्रमाण बघा.

दुसरं, मजकुराचा रेखीवपणा. १५.६ इंचीवर १३६६ × ७६८ असेल तर इंचाला सुमारे १०० ठिपके. १४ इंचीवर १९२० × १२०० असेल तर सुमारे १६०. देवनागरीत हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. रफार, अनुस्वार, पोटातल्या रेषा, ‘द्ध’ आणि ‘द्व’ मधला फरक, हे सगळं बारीक टायपात शंभर ठिपक्यांवर चिकटून जातं. २८८० × १८०० ला २४० च्या पुढे जातं, दिसायला सुरेख, पण बॅटरी थोडी जास्त खाते. आपल्या कामाला १९२० × १२०० पुरेसं आहे. मॅकबुक एअर १३.६ इंचीचं २५६० × १६६४ आहे, तेही उत्तम.

तिसरं, उजेड. माहितीपत्रकात ‘निट्स’ (उजेड मोजायचं एकक) शोधा. २५० निट्सची स्क्रीन घरात संध्याकाळी चालते, खिडकीपाशी किंवा गाडीत डोळे बारीक करावे लागतात. बाहेर काम करणाऱ्याने ४०० निट्सच्या आसपास धरावं. आणि ‘४५% एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसलं तर ती स्वस्तातली, फिकट रंगांची स्क्रीन आहे हे समजून चाला. फोटोंची साफसफाई करता म्हणालात, तर ‘१००% एसआरजीबी’ (नेहमीच्या फोटोंतले सगळे रंग दाखवणारी स्क्रीन) हे शब्द हवेत.

ओलेडबद्दल. काळा रंग गडद आणि मजकूर ठसठशीत दिसतो हे खरं. पण पांढऱ्या पानावर काळी अक्षरं हे ओलेडचं सर्वांत खर्चिक चित्र आहे, कारण प्रत्येक पांढरा ठिपका स्वतः उजेड देत असतो. त्यामुळे आपल्या कामात बॅटरी लवकर उतरते. शिवाय उजेड कमी केला की काही ओलेड पॅनेल सेकंदाला २४० वेळा उघडझाप करतात. डोळ्यांना ती दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं, माझंही दुखतं. तपासायची रीत सोपी आहे: स्क्रीनचा उजेड पाव करा, फोनच्या कॅमेऱ्याचा शटर वेग वाढवून स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने तो घेऊ नये. साधी आयपीएस (मागून उजेड मिळणारी एलसीडी), मॅट म्हणजे न चकाकणाऱ्या पृष्ठभागाची स्क्रीन वाचनासाठी मला आजही सर्वांत बरी वाटते.

दूरचा_पल्ला

मात्रा_वेलांटी, फारच कामाचा प्रतिसाद! तरीही मी १३ इंचीच्या बाजूने बोलणार.

रोजचा प्रवास असेल तर मांडीवर किंवा गाडीतल्या छोट्या टेबलावर काम होतं. पुढच्या माणसाने सीट मागे केली की १४ इंचीचं झाकण नीट उघडतही नाही. १३.३ इंची, १६:१० ची उंची १७.९ सेंमी आहे, म्हणजे १४ पेक्षा एकच सेंटिमीटर कमी. मी या आकारावर आनंदात आहे.

वजनाबद्दल सगळे लॅपटॉपचा आकडा बघतात, चार्जरचा कोणी बघत नाही. १.३ किलोचा लॅपटॉप आणि सोबत जाड वायरीची ४०० ग्रॅमची वीट, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून माझी पहिली अट: चार्जिंग यूएसबी-सीने झालं पाहिजे. मग ६५ वॅटचा गॅलियम नायट्राइडचा छोटा चार्जर घ्या, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो, त्याच्यावर फोनही चार्ज होतो. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपलाही यूएसबी-सी चार्जिंगचा नियम लागू केला आहे, त्यामुळे गोल पिनेचे चार्जर हळूहळू मागे पडणारच आहेत.

यात एक मेख आहे. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्टला सव्वातीन अँपिअर. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे ६० वॅटपर्यंत चालते. त्याच्या वर जायचं तर ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. चार्जर चांगला आणि केबल फोनची, अशी जोडी लावली तर चार्जिंग हळू होतं आणि दोष लॅपटॉपला दिला जातो.

विमानाने जात असाल तर बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). बहुतेक लॅपटॉप त्याच्या आतच असतात. पॉवर बँक मात्र तपासा: २७,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने जवळजवळ १०० वॉट-अवर होतात. आणि पॉवर बँक नेहमी हातातल्या सामानात, चेक-इन बॅगेत चालत नाही.

आकडेमोड

बॅटरीवर मी लिहितो, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते.

‘२० तास बॅटरी’ हा आकडा बहुतेकदा उजेड कमी करून, वायफाय बंद किंवा निवांत ठेवून, एकच व्हिडिओ पुन्हा-पुन्हा चालवून काढलेला असतो. प्रोसेसरमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो, तो अगदी कमी विजेत काम उरकतो. तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही. तुम्ही वॉट-अवरचा आकडा घ्या आणि भागाकार करा. ब्राउझर-वर्डच्या कामात चांगला आधुनिक लॅपटॉप सरासरी ७-८ वॅट घेतो असं धरलं, तर ५५ वॉट-अवरची बॅटरी साधारण सात तास जाते. व्हिडिओ कॉलवर तोच १२ ते १५ वॅटवर जातो, म्हणजे चार तास. मॅकबुक एअर आणि नवे काटकसरी प्रोसेसर यापेक्षा कमी घेतात, म्हणून ते जास्त टिकतात. त्यांची बॅटरी मोठी आहे असं नाही, ॲपलच्या एम२ प्रोसेसरच्या एअरची तर ५२.६ वॉट-अवरच आहे.

आणि वजन उतरवण्यासाठी काही कंपन्या ४० वॉट-अवरची बॅटरी घालतात. जास्तीच्या २० वॉट-अवरला वजन जेमतेम ८०-१०० ग्रॅम पडतं. तेवढंच बळ पॉवर बँकेतून आणायचं तर डबा, वायर, सर्किट धरून दुप्पट-तिप्पट वजन वाहाल. त्यामुळे १.१५ किलो आणि ४० वॉट-अवर यापेक्षा १.२५ किलो आणि ६० वॉट-अवर हा सौदा मला कधीही चांगला वाटतो. हलका म्हणून घेतला आणि चार्जर रोज बरोबर न्यावा लागला, तर हलकेपणा राहिला कुठे?

रानवाट

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. स्क्रीनच्या उंचीचा हिशोब वाचून लगेच पट्टी घेऊन माझ्या लॅपटॉपवर मोजलं, १९.४ च भरली. म्हणजे १४ इंची, १६:१० हे डोक्यात पक्कं झालं. दूरचा_पल्ला, तुमचा मुद्दा कळतो, पण दोन फाइल्स शेजारी ठेवायच्या असल्याने तेवढी रुंदी मला हवीच.

आता प्रोसेसरचं सांगा. आय५, आय७, अल्ट्रा ५, रायझन ५, स्नॅपड्रॅगन… एकाच कंपनीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मोठा आकडा म्हणजे नवा, असं आहे का?

आकडेमोड

नाही, आणि हे नीट समजून घ्या. एएमडीच्या ७००० मालिकेचं उदाहरण घेतो. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू. तिन्ही ‘रायझन ५’, तिन्ही ७ ने सुरू. पण त्यात तिसरा आकडा गाभ्याची पिढी सांगतो. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. झेन २ हा गाभा २०१९ मधला! म्हणजे खोक्यावर ७००० बघून नवा समजून घ्याल आणि आत जुना गाभा निघेल. ७५२०यू वाईट नाही, हलक्या कामाला चालतो, पण पाच वर्षांसाठी तो घेऊ नये.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. कोअर अल्ट्रा २०० मध्ये व्ही, यू, एच, एचएक्स असे फाटे आहेत आणि ते आतून वेगवेगळे आहेत. रोज सोबत न्यायला व्ही उत्तम: बॅटरी टिकते, गरम कमी होतो, ग्राफिक्सही चांगलं. यू चालेल. एच मध्ये ताकद जास्त, पण पंखा आणि बॅटरीचा खर्चही जास्त. एचएक्स तुमच्यासाठी नाहीच.

तुमच्या कामाला गेल्या तीन-चार वर्षांतला कुठलाही मधल्या फळीतला प्रोसेसर पुरून उरेल. आय५ आणि आय७ मधला फरक तुम्हाला वर्डमध्ये जाणवणार नाही. ते पैसे १६ वरून ३२ जीबीवर किंवा चांगल्या स्क्रीनवर घातलेत तर रोज जाणवेल.

पेंग्विनपंथी

स्नॅपड्रॅगन एक्स या क्वालकॉमच्या प्रोसेसरबद्दल. २०२४ च्या मध्यात आलेले त्याचे लॅपटॉप बॅटरीला खरोखर चांगले आहेत, झाकण बंद करून ठेवले तर बॅटरी फारशी उतरत नाही. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेली बहुतेक सॉफ्टवेअर त्यावर अनुवादाच्या थरातून चालतात. पण ड्रायव्हर (प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारे प्रोग्राम) त्या थरातून चालत नाहीत, ते एआरएमसाठीच, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या प्रोसेसरसाठीच, लिहिलेले लागतात. जुना प्रिंटर, जुना स्कॅनर, सहीसाठी वापरायचं यूएसबी टोकन, काही ऑफिसांची व्हीपीएन, इथे गाडी अडते. रानवाट, तुम्ही भाषांतराचं खास सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते एआरएमवर चालतं का, हे त्याच्या कंपनीच्या साइटवर आधी बघा. नुसता ब्राउझर आणि वर्ड असेल तर निर्धास्त घ्या.

आणि जुना लॅपटॉप टाकू नका! त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चढवा. विंडोज ११ ची टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलच्या आठव्या पिढीची अट लिनक्सला नाही. घरात बसून वाचायला, टायपायला तो अजून खूप वर्षं चालेल.

मात्रा_वेलांटी

जुना लॅपटॉप ठेवण्याच्या मुद्द्याला +१. घरी मोठी स्क्रीन असली की बाहेरचा छोटा घेताना मनही खात नाही.

बाहेरचा मॉनिटर जोडणार असाल तर मॅकबुक एअरमध्ये बारीक फरक आहेत. एम१ आणि एम२ ला एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. एम३ ला दोन जोडता येतात, पण झाकण मिटून. एम४ ला झाकण उघडं ठेवूनही दोन. जुनं मॉडेल सवलतीत बघत असाल तर हे लक्षात ठेवा. एअरला पंखाच नाही, शांत ग्रंथालयात हे सुख मोठं आहे. सलग जड काम दिलं तर तो वेग कमी करतो, पण आपल्या कामात ती वेळ येत नाही.

किल्लीकुलूप

एका गोष्टीवर अजून कोणी बोललं नाही, आणि सोबत न्यायच्या लॅपटॉपला तीच सर्वांत जास्त नडते: झाकण मिटल्यावर काय होतं?

पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप खरोखर झोपायचा. रॅम सोडून जवळपास सगळ्याचा वीजपुरवठा बंद व्हायचा. आताच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपांत ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतो. फोनसारखं अर्धवट जागं राहून मेल आणणं, अपडेट उतरवणं चालू राहतं. सगळं सुरळीत असेल तर छान. पण एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम त्याला झोपू देत नसेल तर लॅपटॉप बंद बॅगेत जागा राहतो. बॅग उघडली की हाताला चटका बसेल इतका गरम, आणि बॅटरी रिकामी. माझ्याकडे असे लॅपटॉप सतत येतात. लोक म्हणतात बॅटरी खराब झाली. बॅटरी ठणठणीत असते, ती बॅगेत संपलेली असते. आणि असं महिनोन्‌महिने तापत राहिलं की मग मात्र ती खरंच फुगते.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जा, झाकण मिटल्यावर काय करायचं तिथे ‘हायबरनेट’ निवडा. पर्याय दिसत नसेल तर आधी विंडोजमध्ये हायबरनेट चालू करून घ्यावं लागतं. हायबरनेटमध्ये चालू काम एसएसडीवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. परत उघडायला काही सेकंद जास्त लागतात, एवढाच तोटा. मॅकबुक आणि स्नॅपड्रॅगनवाले यात मुळातच बरे आहेत.

दुसरं, बिजागर. बॅगेतून काढणं, उघडणं, मिटणं हे दिवसातून कितीतरी वेळा होणार. बिजागराचे स्क्रू ज्यात बसतात तो भाग स्वस्त मॉडेलांत प्लास्टिकचा असतो. तो तडकला की झाकण उघडताना कोपरा वर येतो, हळूहळू स्क्रीनची वायर ओढली जाते. घेताना झाकण एका कोपऱ्याला धरून उघडून बघा. वेडंवाकडं पिळलं जात असेल तर सोडा. खालचा भाग पुढच्या एका कोपऱ्याने उचला, करकरतो का ऐका. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा, तबक खाली जाऊ नये.

‘लष्करी दर्जा’, ‘एमआयएल-एसटीडी-८१०एच’ या शिक्क्यावर जाऊ नका. त्या मानकात कितीतरी चाचण्या आहेत, त्यातल्या कुठल्या करायच्या हे कंपनीच ठरवते, आणि प्रमाणपत्र देणारी अशी कुठली अधिकृत संस्था नाही. काही चाचण्या केल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

उंबरठा

बऱ्याच दिवसांनी इतका चांगला तांत्रिक धागा वाचला. माझी शंका: नवा हलका घेण्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला, नूतनीकरण केलेला बिझनेस लॅपटॉप घेतला तर? थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वगैरे. अंग मजबूत असतं असं ऐकलंय.

किल्लीकुलूप

उंबरठा, चांगला मार्ग आहे. या मालिकांचे कीबोर्ड आणि बिजागरं टिकतात, आणि लेनोवो, डेल, एचपी तिघेही त्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका सगळ्यांना वाचायला खुल्या ठेवतात. कुठला स्क्रू कुठे, बॅटरी कशी काढायची, सगळं चित्रांसकट. घेण्याआधी त्या मॉडेलची पुस्तिका चाळली की रॅम सोल्डर केलेली आहे का, एसएसडीची जागा केवढी आहे, हे सगळं कळतं. नवा लॅपटॉप घेतानाही ही युक्ती वापरा, विक्रेत्याला विचारण्यापेक्षा भरवशाची आहे.

मात्र वापरलेल्याची बॅटरी बदलायचीच आहे असं धरून हिशोब करा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी-शेजारी असते. आणि आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल असेल तर घेऊ नका, विंडोज ११ अधिकृतपणे चढणार नाही. स्क्रीनही बघून घ्या. त्या काळच्या बऱ्याच बिझनेस लॅपटॉपांत २५० निट्सची फिकट स्क्रीन यायची, मात्रा_वेलांटींनी वर लिहिलंय तीच.

दूरचा_पल्ला

आणि टचस्क्रीन, ३६० अंशांत फिरणारे वगैरे? माझ्या मते लेखणीने लिहायचं नसेल तर नको. वजन वाढतं, स्क्रीन चकचकीत येते आणि खिडकीचं प्रतिबिंब मजकुरावर पडतं.

पेंग्विनपंथी

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायला, पीडीएफवर हाताने खुणा करायला लेखणी फार कामाची आहे. संपादन करणाऱ्याला तर नक्कीच. त्यामुळे सरसकट नको म्हणणार नाही. ज्याला कागदावर लाल पेनने काम करायची सवय आहे त्याने एकदा हातात घेऊन बघावा.

रानवाट

लेखणीचा मोह आहे, पण खांदे आधी.

दोन लॅपटॉप प्रत्यक्ष हाताळून आले. दोन्ही १४ इंची, १६:१०, १६ जीबी. पहिला १.१ किलोच्या जरा वर, ओलेड. दिसायला देखणा, पण उजेड कमी करून फोन धरला तर पट्टे अगदी स्पष्ट दिसले. शिवाय त्याची पुढची कड धारदार आहे, तळहाताच्या मुळाशी रुतते. पानभर टाइप करून बघितलं म्हणून कळलं, नुसतं उघडून बघितलं असतं तर सुटलं असतं.

दुसरा सव्वा किलोचा, मॅट आयपीएस, ४०० निट्स, ५७ वॉट-अवर, दोन्ही बाजूंना यूएसबी-सी. कोपरा धरून उघडला, पिळला गेला नाही. कळा खोल दाबल्या जातात, आवाज कमी. प्रोसेसर मधल्या फळीतला, व्ही अक्षराचा. माझं भाषांतराचं सॉफ्टवेअर इंटेलवर चालतंच, म्हणून स्नॅपड्रॅगन बाजूला ठेवला. मॅकबुक एअरही बघितला, आवडला, पण ज्यांच्यासाठी काम करते त्यांचं एक सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.

दुसराच घेते आहे. मला ३२ जीबीचा पर्यायही आहे. घ्यावा का? आणि आणल्यावर पहिल्यांदा काय तपासू?

आकडेमोड

परवडत असेल तर ३२ घ्या. त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्ससुद्धा याच रॅममधला भाग वापरतं आणि नंतर वाढवायची सोय नाही. पण त्यासाठी एसएसडी २५६ वर आणू नका. खर्च तेवढा ताणावा लागत असेल तर १६ आणि ५१२ ही जोडी तुमच्या कामाला पुरेशी आहे.

किल्लीकुलूप

निवड छान केलीत. परत करायची मुदत असते, ती संपायच्या आत एवढं करा.

पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं, निळं चित्र स्क्रीनभर लावून मेलेले ठिपके शोधा. काळ्या चित्राच्या वेळी खोलीत अंधार करा, कडांमधून उजेड गळत असेल तर दिसतो. दोन्ही यूएसबी-सी पोर्टांवर चार्जर आणि पेनड्राइव्ह लावून बघा, एखादं मुकं निघू शकतं. प्रत्येक कळ एकदा तरी दाबा, आकड्यांच्या ओळीसकट. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला तुमचा आवाज आणि चेहरा कसा येतो ते विचारा. एक मोठी फाइल कॉपी होत असताना पंख्यापाशी कान न्या: वाऱ्याचा आवाज चालेल, घरघर नको.

मग रात्रीची चाचणी. ८० टक्क्यांवर चार्जर काढा, झाकण मिटा, सकाळी किती उरली बघा. पाच टक्क्यांच्या आत उतरली तर ठीक. जास्त उतरली तर सगळे अपडेट चढवून पुन्हा बघा, आणि तरीही तेच असेल तर वर लिहिलेलं हायबरनेट लावा.

शेवटी कंपनीच्या सेटिंगच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा. घरी प्लगला लावलेला असताना बॅटरी १०० वर तिष्ठत राहिली की लवकर म्हातारी होते. बाहेर लांबचा दिवस असेल त्याच्या आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरा. बॅटरी रिपोर्टही पहिल्याच आठवड्यात काढून जपून ठेवा, पुढे वॉरंटीत बॅटरीबद्दल बोलायची वेळ आली तर तुमच्या हातात सुरुवातीचा आकडा असेल.

रानवाट

हे सगळं एका कागदावर उतरवून घेतलं. ३२ जीबी, ५१२ ची एसएसडी, आणि ५ अँपिअरची एक जास्तीची केबल अशी ऑर्डर देते. रात्रीच्या चाचणीचा आकडा इथेच कळवेन.